तीनदा टेकव

१

भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या मुलीकडे गावातली माणसं एकाच कामासाठी येतात: बोअर कुठं मारू, तेवढं सांग. ताडकळसच्या राजेश्रीनं दोन वर्षांत हे इतक्यांदा ऐकलं होतं, की "मी पाणी दाखवत नाही, मोजते" हे वाक्य तिला झोपेतही म्हणता आलं असतं. लोक हसत. मोजून पाणी वाढतंय व्हय, बाई? या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विद्यापीठाकडेही नव्हतं.

एमएस्सीचं शेवटचं वर्ष. प्रबंधासाठी तिनं पूर्णा तालुक्यातल्या पंचवीस विहिरी धरल्या होत्या. फेब्रुवारीपासून दर शनिवारी स्कुटीवर एक फेरी. पाठीवरच्या पिशवीत तीस मीटरचा फायबरचा टेप, टेपच्या टोकाला पितळी वजन, एक वही, आणि विहिरीत उन्हाचा कवडसा टाकायला एक हातआरसा. आरसा तिच्या आईचा. राजेश्री दहा वर्षांची असताना आई गेली.

मोजायची रीत ठरलेली. विहिरीच्या काठावर लाल रंगाची खूण करायची आणि दर वेळी तिथूनच टेप सोडायचा. पाणी असेल तर पाण्यापर्यंत, कोरडी असेल तर तळापर्यंत. आणि मग धम्मानंद सरांचा नियम. सर तिचे मार्गदर्शक, रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेले, शिस्तीला करडे. "वजन टेकलं म्हणून लगेच आकडा लिहायचा नाही. तीनदा टेकवायचं. उचल, टेकव. उचल, टेकव. उचल, टेकव. तिन्ही वेळा आकडा तोच आला तरच वहीत. एकदा टेकवणारा घाईतला आणि दोनदा टेकवणारा आळशी."

नकाशावर सरांनी चौकोन आखून दिले होते, दर चौकोनात एक विहीर. सतराव्या चौकोनात एकच विहीर होती, चुडाव्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेला, माणिकरावांच्या आखाड्यावर. शेतातल्या त्या घराला आणि गोठ्याला तिकडे आखाडाच म्हणतात. माणिकराव परभणीला राहायला गेलेले. आखाड्यावर कासाबाई नावाची एक विधवा बाई पाच-सहा शेळ्या घेऊन राहत होती. विहीर कैक वर्षं टाकून दिलेली. शेळ्या आत पडू नयेत म्हणून तिच्या तोंडावर पत्रे आणि बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास रचलेले होते. सुपाएवढी एक फट मोकळी होती, टेप सोडायला पुरेशी.

"कोनाची गं तू?" कासाबाईनं विचारलं.

"ताडकळसच्या बन्सीधरची. गिरणीवाल्या."

"आधी यारी व्हती त्याची."

"हो, मी लहान होते तेव्हा."

यारी म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम तारेनं वर ओढणारं इंजिन.  कासाबाईनं तांब्याभर गार पाणी आणून राजेश्रीपुढं ठेवलं आणि शेजारीच उकिडवी बसून मोजणी बघत राहिली.

वजन खाली गेलं. ठक्. कोरडा दगड. राजेश्रीनं तीनदा टेकवलं आणि लिहिलं: विहीर क्रमांक सतरा, कोरडी, खोली १९.३५.

२

घरी बाप-लेक दोघंच. बन्सीधरनं मुलीची वेणी घालायला चाळिशीत शिकून घेतली होती. ती बाहेरून यायची त्या दिवशी तो गिरणी लवकर बंद करून भाकरी थापायचा. दारावर त्याची थाप ठरलेली: दोन लागोपाठ, मग एका श्वासाएवढी जागा, मग एक. यारीवर असतानाची खोड, असं तो म्हणे. "माजी राजी दगडाची डॉक्टर व्हनार" असं तो गिरणीवर येईल त्याला सांगायचा, आणि पीठ घ्यायला आलेली बाई दगडाचा डॉक्टर काय करतो ते विचारायला धजत नसे. राजेश्रीला जगात अभिमान वाटावा असा एकच माणूस होता, आणि तो हा.

मात्र विहिरींचा विषय तो टाळायचा. फेरी सुरू करताना एवढंच म्हणाला होता, "माणिकरावाच्या आखाड्यावर नको जाऊस. तिथली कड कच्ची हाय." तिनं मान हलवली होती. पण नकाशावर चौकोन होता, आणि सर चौकोन रिकामा ठेवू देणारे नव्हते. तेव्हा तिनं घरी सतरा नंबरचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या शनिवारी तिथं पोचायला तिला उशीर झाला. घाईघाईत टेप सोडला, वजन टेकलं, तिनं आकडा वाचला आणि टेप गुंडाळायला लागली.

"आनखी दोनदा टेकव, माय," कासाबाई म्हणाली. "तीनदा टेकवत असतेत."

राजेश्रीला हसू आलं. एका फेरीत या बाईनं सरांचा नियम पाठ केला होता. तिनं टेप पुन्हा सोडला, तीनदा टेकवलं. आणि मग आकड्याकडे नीट पाहिलं.

१७.२०.

विहीर दोन मीटरनं उथळ झाली होती.

कोणी भर टाकली असेल, हा पहिला विचार. तिथंच बसून तिनं हिशेब केला. विहीर सहा मीटर रुंद. दोन मीटर भरायची तर मुरमाच्या वीस ट्रॉल्या लागतील. काळ्या रानात ट्रॅक्टरच्या चाकाचा माग नव्हता. काटे हललेले नव्हते. वाटेवर शेळ्यांच्या लेंड्या तेवढ्या होत्या.

"मावशी, इथं कोणी मुरूम टाकला का?"

"कोन टाकतंय, बाई. हितं कोन यायलंय."

तिनं आकड्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं.

३

तिसऱ्या शनिवारी १५.०५. चौथ्या शनिवारी १२.९०.

बाकीच्या चोवीस विहिरी शहाण्यासारख्या वागत होत्या. ऊन चढेल तसं पाणी खाली जात होतं, कुठं वीतभर, कुठं हातभर. तिनं आलेख काढला तेव्हा चोवीस रेघा खाली उतरत होत्या आणि एक वर चढत होती, फूटपट्टी लावून ओढावी तशी.

सरांना फोन लावला तर त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा तिच्या टेपचा उद्धार केला. "फायबर ताणतो. स्टीलचा घे." तिनं विभागातून स्टीलचा टेप आणला होता, तोही पिशवीत होता, आणि त्यानंही तोच आकडा दिला होता. "मग खूण चुकली असेल." खूण तिनं स्वतःच्या हातानं रंगवली होती. "मग काळी माती फुगली." सर, माती पाण्यानं फुगते, आत्ता मार्च आहे, रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडल्यात.  मग सर म्हणाले, "बाई, कोरडी विहीर वर येत नसते. नीट मोज. आणि खाडा करू नकोस, एक खाडा पडला की सगळी मालिका वाया."

नीट मोजण्यात ती कमी नव्हती. आणि नीट मोजलं म्हणूनच तिला ते दिसलं. दर आठवड्याचा फरक तिनं एकाखाली एक लिहिला. २.१५. २.१५. २.१५. निसर्गात असं होत नाही. गाळ साठतो तोही कधी जास्त, कधी कमी. सेंटिमीटरचाही फरक नाही म्हणजे हे साठणं नव्हतं.

"दोन मीटर पंधरा," ती स्वतःशीच बोलली.

"मीटर-बिटर मला कळत न्हाई," कासाबाई म्हणाली. "येक परस हाय त्ये."

परस हा शब्द राजेश्रीनं वडिलांच्या तोंडून लहानपणी ऐकला होता. जुन्या माणसांचं विहीर मोजायचं माप. किती ते तिला नेमकं ठाऊक नव्हतं. कासाबाई उठून उभी राहिली, पाय जुळवले, आणि दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले, तळवे आभाळाकडे करून.

"हे असं. गड्यानं हात वर केले की टाचंपसून बोटापस्तोर येक परस. नऊ परस रिकामी व्हती, आता सा राहिली."

तिचे हात बराच वेळ वरच होते.

४

पाचव्या शनिवारी आवाज बदलला.

आतापर्यंत ठक् असं ऐकू यायचं. त्या दिवशी वजन टेकलं तेव्हा आवाज आलाच नाही. काहीतरी मऊ, पण चिखल नव्हे. चिखलात वजन रुततं आणि उचलताना ओढ लागते. हे कणकेच्या गोळ्यावर ठेवल्यासारखं बसलं. तिनं उचललं, टेकवलं. उचललं, टेकवलं. तिसऱ्यांदा उचलायला गेली तर टेप आला नाही.

अडकलाय. कुठल्यातरी मुळीत, कुठल्यातरी खाचेत. तिनं हलकेच ओढलं. टेप ताठ झाला, पण सुटला नाही. तिनं हात सैल केला.

आणि खालून टेपला झटका बसला. एक. दोन. तीन. सावकाश, सारख्या अंतरानं. मग टेप सुटला.

सकाळचे साडेदहा वाजले होते. पलीकडच्या रानात कोणीतरी ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावली होती. राजेश्रीनं टेप गुंडाळला. वजन पुसलं. पितळेवर ओल नव्हती, मातीही नव्हती. ते गरम होतं, कुणीतरी मुठीत धरून ठेवावं एवढंच. उन्हानं, असं तिनं ठरवलं. पाच परस खाली, काट्यांच्या खाली ऊन नव्हतं, हे तिला गुंडाळून झाल्यावर सुचलं.

१०.७५, तिनं लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

"मावशी, या विहिरीत काय झालं होतं?"

कासाबाई बाभळीच्या शेंगा शेळ्यांपुढं टाकत होती. तिनं मान वर केली नाही. "माजा मालक हाय त्यात. दत्तराव. बारा परस खोल नेली व्हती त्यानं. येकुनीस वर्सं झाले. कड ढासळली. तीन परस भरून आली, तो खालीच राह्यला. वर यारी तुज्या बापाची व्हती."

 राजेश्रीला घरी हे कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"मी विचारलं त्याला, काई इशारा आला का म्हनून. न्हाई म्हनला. येका झटक्यात गेला म्हनला." कासाबाईनं शेवटची शेंग टाकली आणि हात झटकले. "पुढल्या शनवारी येशील ना, माय?"

५

आली. यायला नको होतं असं आपण म्हणू; पण तुमचीआमची पदवी त्या वहीवर अडकलेली नाही. शिवाय राजेश्रीला वाटत होतं, एकदा डोळ्यांनी पाहिलं की मूळ, खाच, साप, काय असेल ते कळेल आणि रात्री झोप लागेल.

टेप आधी सोडला. ८.६०. चार परस. तिनं तीनदा टेकवलं, कारण हाताला तीच सवय होती. मग आरसा काढला.

ऊन डोक्यावर यायला आलं होतं. आरसा तिरपा धरला आणि हातभर रुंद कवडसा फटीतून आतल्या भिंतीवर पडला. भिंत तिला पुस्तकासारखी वाचता येत होती, तो तिचा धंदाच होता. वर काळी माती. तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे असलेली पिवळी माती. मग मुरूम, भुसभुशीत, दत्तरावला गिळणारा. कवडसा खाली सरकत गेला. मुरमाखाली तांबड्या मातीचा पट्टा, लाव्ह्याच्या दोन थरांमधला, परीक्षेत हमखास येणारा. त्याखाली काळा कातळ. कातळावर पहारीच्या खुणा होत्या, जवळजवळ, खालून वर येणाऱ्या. तिनं हात आणखी थोडा कलता केला.

कवडशात दोन तळवे आले.

जुळवून वर धरलेले, खालून बकेट झेलायला धरतात तसे. बोटांच्या सांध्यांत काळी माती. त्यांच्याखाली काय होतं ते उजेडाच्या बाहेर होतं. उजेड लागला तशी बोटं हळूहळू मिटली, जणू हातात काहीतरी दिलं गेलं होतं आणि ते सांडू द्यायचं नव्हतं.

आरसा तिच्या हातून काट्यांवर पडला, फुटला नाही. ती किती वेळ बसून होती ते तिला सांगता आलं नसतं. वहीत त्या दिवशी शेरा आहे: "तळाशी मुळं." रुईची मुळं पांढरी असतात, दोन दोन फुटतात, हेही तिनं स्कुटीवर बसल्यावर स्वतःला समजावलं. रुई त्या रानात कुठंच नव्हती.

६

त्या दिवशी बन्सीधरनं मेथीची भाजी केली होती. तिनं ताटाला हात लावला नाही.

"बाबा, दत्तराव कोण?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली. त्यानं ती उलटली नाही.

"मी सतरा नंबर मोजतेय. माणिकरावांची. ती वर यायलीय, बाबा. नऊ परस होती, आता चार आहे. दर शनिवारी एक परस."

"कशी मोजायलीस?"

"टेपनं. वजन सोडते, तीनदा टेकवते—"

"तीनदा?" तो असा ओरडला की ती मागं सरकली. बापाला ओरडताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. "राजे, तीन म्हंजी ओढ! येक झटका थांब, दोन झटके सोड, तीन झटके ओढ. खालून तीन आले की आमी ओढायचं. वरून तीन दिले की खालच्यानं समजायचं, आता वर यायचं. सा हप्ते तू त्याला वर बोलवायलीस!"

 तिनं गॅस बंद केला. "आनखी दोनदा टेकव, माय" हे तिच्या कानात आत्ता नीट ऐकू आलं.

"त्या दिवशी इशारा आला होता का?" तिनं विचारलं.

बन्सीधरनं भिंतीला पाठ टेकली. पीठ लागलेले हात मांडीवर उताणे ठेवून तो बोलला. "आला व्हता. कड पडली तवा तो दबला न्हवता. तार त्याच्या हातात व्हती. तीन झटके आले. माजा हात दांड्यावर व्हता. आन् यारीचा म्होरला पाय हातभर सरकला, विहिरीकडं. मला वाटलं, ओढलं तर यारीसकट मी बी आत. तू चार वर्साची व्हतीस. म्हनलं, थांबावं. कड बसली की ओढू."

"मग?"

"मग इंजिन बंद केलं. तार हालताना दिसायली व्हती. दिस मावळंस्तोर हालत व्हती."

"आणि त्या बाईला सांगितलंत, एका झटक्यात गेला."

त्यानं बोटांवरचं पीठ चोळून काढलं.

माणसाला कधी गप्प बसावं ते तेविसाव्या वर्षी कळत नाही. राजेश्री संतापली होती, आणि ज्या माणसाचा अभिमान वाटतो त्याच्यावरचा संताप फार वाईट असतो. "मी असते तर ओढलं असतं," ती म्हणाली. "यारी गेली असती तरी. मी ओढलंच असतं." आणि भाकरीचं ताट त्याच्याकडे सरकवून ती उठली. आठवडाभर तिनं त्याच्या हातचं खाल्लं नाही. त्यानं मात्र रोज दोघांचं केलं.

शुक्रवारी तो एवढंच म्हणाला, "उद्या मी येतो. त्याला ओढून घेतो. मग तुजी मालिका बी पुरी व्हईल."

तिनं नको म्हटलं नाही. तिला तेच हवं होतं.

७

शनिवारी साडेनऊला दोघं आखाड्यावर पोचले. बन्सीधरच्या खांद्यावर अंगठ्याएवढ्या जाडीचा काथ्याचा दोर होता. कासाबाई दारातच उभी होती. एकोणीस वर्षांनी ती त्याला बघत होती.

"ये, बन्सीधर," ती म्हणाली. "लय येळ लावलास."

त्यानं तिला खाली वाकून हात जोडले. मग काठावर गेला, फटीजवळचे काटे एकेक करून बाजूला ओढले आणि दोराचं वेटोळं जवळच्या बाभळीपाशी ठेवलं. टेप त्यानं लेकीच्या हातून घेतला. वजन सोडलं. लाल खुणेपाशी आकडा तिनं वाचला: ६.४५. तीन परस. दुमजली घराच्या उंचीपेक्षा जास्त नव्हे. आत डोकावलं असतं तर दिसलं असतं. दोघंही डोकावले नाहीत.

"आज मी टेकवतो," तो म्हणाला. "तू जरा घागरीतलं पानी आन. घसा सुकला."

आखाडा चाळीस पावलांवर. तिनं घागरीवरचं झाकण काढलं, तांब्या बुडवला. तेवढ्यात तिला पाठीमागं टेपच्या चकरीचा आवाज ऐकू आला. सर्रर्र. चकरी सुसाट फिरत होती, आणि थांबत नव्हती. ती पळाली. तांब्यातलं पाणी सगळं अंगावर सांडलं.

काठावर कोणी नव्हतं. बापाच्या चपला विहिरीकडे तोंड करून शेजारी शेजारी काढलेल्या होत्या, देवळाबाहेर काढतात तशा. दोराचं वेटोळं तसंच होतं, एक पीळही उलगडला नव्हता. टेपची चकरी बाभळीच्या फासात अडकून थरथरत होती आणि टेप ताठ खाली गेला होता.

पडल्याचा आवाज आला नव्हता. ओरडल्याचाही नाही.

ती गुडघ्यावर बसली. डोळे आपोआप लाल खुणेकडे गेले, कारण त्यांना तेच शिकवलं होतं. २५.८०. बारा परस. दत्तरावनं खणली होती तेवढी, कड पडायच्या आधीची. तीन परस मुरूम कुठं गेला, हे विचारायला तिला सवड मिळाली नाही. टेप हलला.

दोन झटके लागोपाठ. मग एका श्वासाएवढी जागा. मग एक.

हा ठेका तिला झोपेतही ओळखता आला असता. शाळेतून आल्यावर, तापात, अंधारात, आई गेली त्या रात्री दवाखान्यातून तो परतला तेव्हा, दारावर हाच आला होता आणि तिनं धावत जाऊन कडी काढली होती. बाबा जिवंत होते. बाबा म्हणत होते, ओढ.

दोर हाताशी होता. बाभूळ जाड होती. एक टोक बुंध्याला, दुसरं आत. दोन मिनिटांचं काम. ती दोराकडे वळली, तेवढ्यात टेप पुन्हा हलला. एक. दोन. तीन. सावकाश, सारख्या अंतरानं.

आणि लगेच पुन्हा दोन, जागा, एक. घाईनं.

एकाच टेपला दोघांचे हात होते. दोर सोडला तर तो आधी कोणाच्या मुठीत जाईल, आणि वजन कोणाचं लागलं आहे हे वर कसं कळेल, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आरसा पिशवीत होता. तिनं तो काढला नाही.

राजेश्री विचार करायला लागली. काथ्या जुना आहे. मी पन्नास किलोची, ते सत्तर. मातीखाली मुरूम, भुसभुशीत. काठावर वजन दिलं तर कड सुटेल. गुडघ्याखाली जमिनीला एक बारीक भेग होती. मार्चअखेर काळ्या रानात भेगा सगळीकडेच असतात, हे तिच्याइतकं कोणाला माहीत. ती हातभर मागं सरकली. माणसं बोलावली पाहिजेत. गावात फोन लावला पाहिजे. एकूण एक कारण खरं होतं. ती आणखी हातभर मागं सरकली. दोन, जागा, एक. दोन, जागा, एक. तिनं वही काढली आणि २५.८० लिहिलं. तीनदा न टेकवता लिहिलेला तिच्या वहीतला तो एकच आकडा.

मागून कासाबाई आली, नेहमीसारखी तिच्या शेजारी उकिडवी बसली.

"काई इशारा आला का, माय?"

दोघींच्या मध्ये टेप थरथरत होता.

"नाही मावशी," राजेश्री म्हणाली.  "काहीच आला नाही. एका झटक्यात गेले."

कासाबाईनं हात लांब करून दोन बोटं टेपवर ठेवली, वैद्य नाडी बघतो तशी, आणि डोळे मिटून थोडा वेळ मोजत राहिली.

"तुजा बापबी असंच म्हनला व्हता," ती म्हणाली. "तवा बी माजा हात तारेवरच व्हता. कोन आयकनार व्हतं बाईचं."

मग ती उठली. आखाड्यातून एक रिकामं पोतं आणून तिनं बाभळीच्या सावलीत अंथरलं, हातानं नीट सारखं केलं, आणि राजेश्रीचा दंड धरून तिला त्यावर बसवलं.

"बस हितं. दिस मावळंस्तोर झटके येत असतेत."

राजेश्रीनं घड्याळ पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.